भूल देण्याआधीचा प्रश्न

ऑपरेशन कुणी केलं, हे लोक आयुष्यभर सांगत राहतात. भूल कुणी दिली असं विचारलं, तर जरा आठवून "होत्या एक बाई" म्हणतात. त्या बाई म्हणजे मी. पुण्यातल्या लहानमोठ्या थिएटरांमध्ये टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ज्यांच्यासाठी उभी राहिले ते मला विसरले, याबद्दल माझी तक्रार नाही. विसरायला लावणं हेच माझं काम होतं, आणि ते चोख झालं म्हणायचं.

आपल्या भाषेने या कामाला फार देखणा शब्द दिला आहे. चुकलं तर आपण म्हणतो, भूल झाली. कुणाच्या रूपाची पडते तीही भूल. रानात वाट हरवून माणूस तिथल्या तिथे फिरत राहिला, तर खेड्यातले लोक म्हणतात, त्याला भूल पडली. आणि आम्ही शिरेतून देतो तीही भूलच. हल्ली दुपारी जेवून आडवी झाले की मी या शब्दाशी खेळत राहते. सगळे अर्थ हळूहळू एकमेकांत मिसळतात आणि मलाच डुलकी लागते.

माझी एक सवय होती. औषध सोडण्याआधी मी पेशंटच्या कानाशी वाकून विचारायची, "कुठे जायचंय?" सर्जन मंडळी हात धुऊन, कोपरं वर धरून ताटकळत असायची. ती आधी घड्याळाकडे पाहायची आणि मग माझ्याकडे. मी घाई करत नसे. पेशंटने उत्तर दिलं की म्हणायचं, "चला तर मग," आणि औषध सोडायचं.

याला कारण होतं. केटामाइन नावाचं एक जुनं औषध आहे. बाकीच्या बऱ्याच औषधांनी माणूस झोपला की त्याचा श्वासही मंदावतो. मग यंत्र लागतं, प्राणवायूची नळी लागते, डोक्याशी सतत उभं राहणारं माझ्यासारखं कुणीतरी लागतं. केटामाइनचं तसं नाही. माणूस वेदना विसरतो, पण श्वास बहुधा आपला आपण घेत राहतो. डोळेसुद्धा पुष्कळदा उघडे असतात. फक्त तो तिथे नसतो. त्याला स्वप्नं पडतात, आणि औषध जाताना मनात जे असेल ते मोठं होऊन समोर उभं राहतं. घाबरलेला माणूस भीतीतच शिरतो आणि उठताना किंचाळत उठतो. म्हणून जाण्याआधी त्याला एखाद्या बऱ्या ठिकाणी नेऊन सोडायचं, एवढाच माझ्या प्रश्नाचा हेतू. पुस्तकांत यावर एखादी ओळ असते. मी त्या ओळीवर जन्म काढला.

उत्तरं एकेक मिळायची. पेठेतले एक निवृत्त गृहस्थ, हातावरची गाठ काढायची होती. मी वाकून विचारलं, "कुठे जायचंय?" त्यांनी भुवया वर केल्या. "म्हणजे? ऑपरेशन इथे होणार नाही का?" मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग घरीच सोडा. वाटेत दूध घ्यायचंय." आयटीतल्या एका मुलाने डोळे मिटूनच सांगितलं, "मॅडम, एनीव्हेअर. फक्त मीटिंग नको." आणि धायरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "मला कुठं न्हाई जायाचं, बाई. मी हितंच बरी हाय." पण औषध भिनायला लागलं तशा त्या पुटपुटू लागल्या, लिंबाचं वावर, कालव्याकडचा तुकडा, खालची पट्टी. आपल्या जमिनीवरून त्या चालत निघाल्या होत्या. कालव्याकडच्या त्या तुकड्यावर आता इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एकीत मी राहते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांना हे सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी तू माझ्या उसात राहतीस."

तेव्हापासून संध्याकाळी बाल्कनीत उभी राहिले की मला तो ऊस दिसतो. खाली गाड्या लावलेल्या असतात, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होत असते, आणि माझ्या पायांखाली सळसळ चाललेली असते.

माणूस जातो तो क्षण मी किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही. कपाळावरची आठी सुटते. डोळे वरच्या दिव्याकडे असतात, पण दिव्याच्या पलीकडे काहीतरी पाहत असतात. कुणाचे ओठ हलतात, तिथे भेटलेल्या माणसाशी बोलणं सुरू झालेलं असतं. कुणी पायाची बोटं आखडून घेतं, पाणी गार लागलेलं असतं. माझी बोटं नाडीवर, आणि मीही थोडी थोडी त्यांच्याबरोबर ओढली जायची. कुणाच्या मावशीचं पेरूच्या झाडाचं अंगण, कुणाच्या शाळेमागची पडकी भिंत, कुठल्याशा विहिरीच्या ओल्या पायऱ्या. यांतलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नाही, पण आजही वाट न विचारता जाऊ शकेन.

खरोखरच्या प्रवासाचं म्हणाल, तर मी फारशी कुठे गेले नाही. युद्धाच्या, भूकंपाच्या, निर्वासितांच्या छावण्यांवर काम करायला डॉक्टर हवेत, अशी बोलावणी तेव्हाही यायची. मला दमा. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग मुलीची दहावी, मग बारावी. जायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्याचं मला वाईट वाटतं. निवृत्तीनंतर काही जुने सहकारी अशा कामावर जाणाऱ्या सर्जनना तयार करण्याचा वर्ग काढत होते. त्यांनी विचारलं, तेव्हा मी पुरतं ऐकून घेण्याआधीच हो म्हटलं.

सिंहगड रस्त्याच्या आत एक जुनं हॉस्पिटल आहे. त्याचा एक बंद पडलेला वॉर्ड आम्हाला रविवारी मिळतो. खिडकीबाहेर कडुनिंब आहे, आणि दुपारी त्याच्या सावल्या रिकाम्या पलंगांवरून इकडून तिकडे सरकतात. वर्गाला येणारे सर्जन हुशार असतात, पण पुण्यातले असतात. म्हणजे एक जण फक्त गुडघा बदलतो, दुसरा फक्त दुर्बिणीतून पित्ताशय काढतो. तिकडे असं चालत नाही. सकाळी बाळंतीण अडलेली, दुपारी फुटलेलं आतडं, संध्याकाळी भाजलेलं माणूस, आणि समोर सर्जन तुम्ही एकटेच. स्कॅन नाही, रक्तपेढी नाही, वीज येऊन-जाऊन. म्हणून आमचा वर्ग त्यांना परत पहिलीत बसवतो. हाताने पोट चाचपून निदान कसं करायचं, मातीने भरलेली जखम त्याच दिवशी शिवून न टाकता उघडी का ठेवायची, हे बाकीचे शिकवतात. माझ्याकडे एक दिवस. टेबलाच्या डोक्याशी कुणीच नसेल तर भूल आपण स्वतः कशी द्यायची, किंवा जेमतेम शिकलेल्या मदतनिसाकडून कशी देववायची, हा माझा विषय.

औषधाचं प्रमाण, श्वास अडला तर जबडा कसा उचलायचा, लाळ कशी ओढायची, हे ते पटकन उचलतात. अडतात ते प्रश्नापाशी. डॉ. निंबाळकर म्हणून एक हाडांचे सर्जन आले होते, धिप्पाड, आवाज थिएटरच्या बाहेर ऐकू जाणारा. मी माझी सवय सांगितली तेव्हा ते मागच्या बाकावरून म्हणाले, "मॅडम, आम्ही सर्जन आहोत. ट्रॅव्हल एजंट कधीपासून झालो?"

"आजपासून," मी म्हटलं. "झोपा टेबलावर."

हा माझा एक जुनाच खेळ आहे. औषध नाही, सुई नाही. पंखा बंद करायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि एकाने दुसऱ्याला विचारायचं. विचारायला मी रेवतीला उभं केलं. डॉ. रेवती मूळची यवतमाळकडची. शिकायला पुण्यात आली आणि इथलीच झाली. मात्र बोलताना अजून मधूनच तिकडचं "करून राहिली" निसटायचं, आणि वर्गातल्या पुणेकरांना गंमत वाटायची. तिने निंबाळकरांच्या कानाशी वाकून इतक्या हलक्या आवाजात विचारलं, की आम्हाला फक्त ओठ हलताना दिसले. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. ती म्हणाली, "चला तर मग."

बराच वेळ वॉर्डात काही झालं नाही. कडुनिंबात खार ओरडत होती. निंबाळकर उठले तेव्हा त्यांचा चेहरा पहाटे गावी उतरलेल्या माणसासारखा झाला होता. कुठे गेला होता, असं कुणीतरी विचारलं. "गेलो होतो कुठेतरी," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा त्यांनी एकही शेरा मारला नाही.

रेवतीने हात वर केला. "मॅडम, आणि पेशंट काही बोललाच नाही तर? भाषाच येत नसेल, किंवा फार घाबरला असेल तर?"

"तर म्हणायचं, घरी जाऊ या. घर सगळ्यांना असतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात इतकी वर्षं हे उत्तर चाललं होतं. टेबलावरच्या एका सुनेने मात्र मला स्पष्ट सांगितलं होतं, "घर सोडून कुठेही." तो किस्सा सांगितल्यावर वर्ग पोटभर हसला. वर्ग सुटला, आणि थोड्याच महिन्यांत रेवती गेली.

देशाचं नाव मी सांगत नाही, तिने सांगू नका म्हटलं आहे. सीमेजवळ तंबूंचं हॉस्पिटल, पलीकडच्या शहरावर बॉम्ब पडत होते आणि तिथून सुटलेली माणसं इकडे येत होती. मी तिच्यामागे मनाने गेले, दुसरं करणार काय. भाजी निवडताना वाटायचं, आता तिच्याकडे दुपार झाली असेल. तंबूच्या कापडातून येणारा पिवळा उजेड मला दिसायचा. मग एका दुपारी फोनवर तिचे आवाजी निरोप एकामागून एक येऊन पडले. तिकडे नेटवर्क कधीमधीच मिळायचं, म्हणून तिने सगळं तुकड्यातुकड्यांत बोलून ठेवलं होतं.

"मॅडम, एक पेशंट आहे. पन्नाशीचा. डाव्या मांडीला मोठी जखम, आत माती, कापडाचे तुकडे. एक दिवसाआड भूल देऊन साफ करावी लागते. पण तो उठतो ना, तेव्हा इतका किंचाळतो की सगळा तंबू उठून बसतो. मागच्या खेपेला नर्सला मारलं. झोपेचं औषध जोडीला देऊन पाहिलं, तरी तेच. आता तो मला हातच लावू देऊन नाही राहिला. म्हणतो, मरेन पण ती झोप नको."

पुढच्या निरोपात तिचा आवाज खाली गेला होता. "कमरेत सुई देऊन पाय बधिर केला असता, पण कमरेवरही जखम आहे, तिथे सुई घालता येत नाही. जागेपणी साफ करू म्हटलं तर दोन बोटं आत गेली नाहीत तोच शुद्ध हरपली. वास यायला लागलाय, मॅडम. एक-दोन दिवसांत साफ नाही केली तर पाय मांडीतून कापावा लागेल. आणि त्यालाही भूल लागेलच."

मी उलट फोन लावला. लागला नाही. परत लावला. शेवटी तिचाच आला, मधे मधे तुटणारा.

"त्याला विचारतेस काय?" मी विचारलं.

"तुम्ही शिकवलं तेच. तो बोलत नाही, म्हणून नर्सकडून सांगते, घरी जाऊ या. तिला इंग्रजी येतं, ती त्याच्या भाषेत सांगते."

फोन तुटला असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "मॅडम, त्याचं घर..."

"हो."

मग तिने नर्सकडून कळलेलं सांगितलं. तो शहरात बस चालवायचा. बॉम्ब पडायला लागले त्या दिवशी डेपोतून गाडी काढून त्याने आपल्या मोहल्ल्यातली माणसं भरली. लोक दारात लोंबकळतील इतकी गाडी भरली. निघाला तेव्हा मागून आणखी लोक पळत येत होते, पत्र्यावर हात मारत होते. आरशात त्याला ओळखीचे चेहरे दिसत होते. थांबला असता तर गाडीच अडली असती. तो थांबला नाही. गाडीतली माणसं सुखरूप सीमेपर्यंत पोचली. पुन्हा कुणाला आणायला म्हणून तो एकटा परत फिरला, तेव्हा ही जखम झाली. आम्ही दर वेळी त्याला प्रेमाने म्हणत होतो, घरी जाऊ या, आणि घराला जाणारा रस्ता एकच होता.

मी खुर्चीत बसून राहिले. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. तिकडे एक मुलगी कानाला फोन लावून वाट पाहत होती. मी म्हटलं, "त्याला त्याचं ठिकाण विचारूच नकोस. तुझं दे."

"म्हणजे?"

"तू इथे असताना रोज कशाने जायचीस?"

"बसने. हडपसरहून कात्रजला." ती थांबली. "मॅडम, तो रस्ता? तो काय स्वप्नात द्यायचा रस्ता आहे?"

"तो ड्रायव्हर आहे. त्याला रस्ता दिला की पुढचं तो बघेल. आणि भूल चढली तरी आवाज बऱ्याचदा आत पोचतात. तू बोलत राहा."

फोन तुटला. त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडून एवढंच आलं, "काम चालू आहे." मी धायरीहून रिक्षाने कुठे निघाले आणि शेजारून बस गेली, की ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहत राहायची. एका सिग्नलला अशाच एका ड्रायव्हरने मला विचारलंसुद्धा, "काय मावशी, ओळख हाय का?"

रेवती परत आली ती सरळ माझ्याकडे. वाळली होती, रापली होती. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "पाय राहिला, मॅडम." मी तिला तिथेच जवळ घेतलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग आम्ही चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि तिने सगळं सांगितलं.

फोन झाला त्या दुपारी ती नर्सला घेऊन त्याच्या पलंगाशी जाऊन बसली. औषधाचं नाव काढलं नाही. म्हणाली, आमच्या गावात मी एका बसने जाते, तिच्याबद्दल सांगते. तो तोंड फिरवून पडला होता. तिने पलंगावरच्या घोंगडीवर बोटाने रस्ता काढला. हडपसर गाडीतळावरून गाडी सुटते, सरळ येते, स्वारगेटला डावीकडे वळते आणि मग कात्रजपर्यंत चढ. मधे तिने सहज सांगितलं की आमच्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात.

त्याने तोंड इकडे केलं. "उलटी?"

"हो."

"मग अपघात होत नाहीत?"

"होतात."

याचं त्याला समाधान वाटलं असावं. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. वळण केवढं आहे, गाडी लांब की आखूड, चढाला भरलेली गाडी कुठल्या गिअरमध्ये घेतात. रेवतीला यातलं काही सांगता येईना. "तुम्ही रोज बसता आणि गिअर माहीत नाही?" तो नर्सकडे बघून म्हणाला. कंडक्टर इशारा कसा देतो, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. त्याच्याकडे कंडक्टरच नसायचा. त्याला ती पद्धत फार आवडली. ड्रायव्हरला मागे बघावं लागत नाही, म्हणाला.

"एक गोष्ट मी मुद्दामच सांगितली नाही," रेवती मला म्हणाली. "आपल्याकडे लोक बसमागे पळतात ते."

"बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला विचारलं, चालवून बघता का आमची गाडी? त्याने घोंगडीवर बोटाने तोच रस्ता काढून पाहिला. मग म्हणाला, एकदा. त्यानंतर नाही जमलं तर मला सोडून द्यायचं. तिने कबूल केलं.

ती त्याच्या कानाशी वाकली. मदतनिसाने औषध सोडलं. तिने स्वच्छ धुतलेल्या हातातल्या चिमट्याने स्टीलच्या ट्रेवर दोनदा टणटण केलं आणि मराठीतच म्हणाली, "चला, ड्रायव्हर." त्याला मराठी कुठली यायला. पण डोळे उघडे ठेवून तो निघाला. नर्स दूर जाऊन उभी होती, मागच्या खेपेचा मार तिच्या लक्षात होता. रेवती जखमेतली घाण काढत होती आणि स्टॉपची नावं घेत होती. मगरपट्टा. वैदूवाडी. रामटेकडी. फातिमानगर. पूलगेट. रोज कंटाळत ऐकलेली नावं तिथे उच्चारताना तिला इतकी सुंदर वाटली, की तिने ती हळूहळू, एकेक सोडली. त्याचे हात छातीवर होते, ते स्टिअरिंग धरल्यासारखे गोल झाले. स्वारगेटला ते खरोखर वळले.

"मला पण दिसत होतं, मॅडम," ती म्हणाली. "सकाळचं ऊन, मार्केटयार्डाकडून येणारे टेम्पो. मी जखम साफ करत होते आणि गाडीत खिडकीशी बसले होते."

पद्मावती गेली. बालाजीनगरच्या सुमारास त्याचं कपाळ आवळलं. श्वास भराभर सुरू झाला. उजवा पाय, चांगला होता तो, टेबलावर जोर लावून दाबायला लागला. गाडी पळवत होता. मान एकदा बाजूला झाली, आरशात पाहावी तशी, आणि घशातून तो आवाज यायला लागला, किंकाळीच्या आधीचा. नर्सने डोळे मिटून घेतले. अजून निम्मी जखम राहिली होती. औषध वाढवावं का, की थांबावं, रेवतीला कळेना. त्याला काय दिसतंय ते तिला कळलं होतं. कुणी सांगितलेलं नसताना लोक तिथेही मागून पळत आले होते.

तिने चिमट्याने ट्रेवर एकदा मारलं. एकच.

"थांबा. स्टॉप आहे," ती म्हणाली.

त्याचा पाय सुटला, मग ब्रेकवर असावा तसा हळूच दाबला गेला. हात जागच्या जागी थांबले. छाती मोठी होऊन खाली आली. रेवतीने पुढची घंटी लवकर दिलीच नाही. गाडी उभीच ठेवली, आणि तेवढ्यात तिने उरलेली सगळी जखम खालपर्यंत स्वच्छ करून घेतली. पट्टी बांधून झाल्यावर तिने दोनदा वाजवलं, आणि म्हणाली, "कात्रज. शेवटचा स्टॉप."

तो उठला तेव्हा तंबूत कुणाला कळलंसुद्धा नाही. नुसता पडून होता, डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. नर्स जवळ आली, तिचा हात त्याने धरला आणि बराच वेळ तिच्याशी काहीतरी बोलत राहिला. रेवती विचारत होती, काय म्हणतोय, दुखतंय का. नर्सला इंग्रजी शब्द सापडेनात.

"मग?" मी विचारलं. माझा चहा गार झाला होता. "काय म्हणाला?"

"म्हणाला, गाडी भरलेली होती, तरी मागून लोक पळत येत होते. मग घंटी झाली. मी थांबलो." रेवतीने कप खाली ठेवला. "आणि म्हणाला, सगळे मावले."